मध्यरात्रीपर्यंतचे १५३ तास

मंगळवार, २४ सप्टेंबर २०१३, दुपारी २.४१. उरले १५३ तास.

टेक्ससचे सिनेटर टेड क्रुझ सिनेटमध्ये बोलायला उभे राहिले. शपथ घेऊन त्यांना नऊ महिनेही झाले नव्हते. पाय साथ देतील तोवर बोलत राहणार, असं त्यांनी सुरुवातीलाच जाहीर केलं. मागणी एकच होती: राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या आरोग्य कायद्यावर सरकारने एक डॉलरही खर्च करू नये.

अमेरिकेचं सरकारी आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं. त्या मध्यरात्रीच्या आत काँग्रेसने पुढच्या खर्चाला मंजुरी दिली नाही, तर सरकारी कचेऱ्यांना कुलूप लागणार होतं. आणि १ ऑक्टोबर लागताच, म्हणजे त्याच मध्यरात्री, नव्या कायद्याखालचा विमा बाजार लोकांसाठी खुला होणार होता. त्या रात्री सरकार बंद पडलं आणि विम्याची वेबसाइटही कोसळली. ही दोन संकटं सगळ्या जगाने पाहिली. या घटनाक्रमात मात्र तिसऱ्या पडझडीचा माग काढायचा आहे. सक्तीच्या विम्याविरुद्धचा एक सच्चा, गंभीर आक्षेप त्या आठवड्यात मातीत गेला, आणि तो घालवला त्याच्याच कैवाऱ्यांनी.

आधी तो आक्षेप काय होता ते नीट पाहू, कारण पुढच्या गदारोळात त्याची आठवण कोणालाच राहिली नाही.

२३ मार्च २०१० रोजी ओबामांनी सही केलेल्या कायद्याने विमा कंपन्यांना बजावलं की आधीपासून आजार आहे म्हणून कोणाला नाकारायचं नाही आणि आजाऱ्याकडून जादा हप्ताही घ्यायचा नाही. हे व्हायलाच हवं होतं. कर्करोग होऊन गेलेल्या माणसाला त्या देशात स्वतःच्या बळावर विमा मिळणं जवळजवळ अशक्य होतं. पण आजारी पडल्यावरही विमा मिळणारच असेल, तर धडधाकट माणूस आधीपासून हप्ते कशाला भरेल? म्हणून सक्ती आली. प्रत्येकाने विमा घ्यायचा, नाहीतर दंड भरायचा. पहिल्या वर्षी, २०१४ साली, दंड होता माणशी ९५ डॉलर किंवा उत्पन्नाचा १ टक्का, यांतला जो जास्त असेल तो.

कॉन्झर्व्हेटिव्ह टीकाकार विचारत होते: सरकार कर बसवू शकतं, व्यापाराला नियम लावू शकतं, पण खासगी कंपनीचा माल विकत घेच असा हुकूम नागरिकाला कोणत्या अधिकारात देतं? शिवाय कायद्याने ठरवलं होतं की वयस्क माणसाचा हप्ता तरुणाच्या तिपटीहून जास्त असता कामा नये. उपचारांच्या खर्चातलं अंतर मात्र त्याहून बरंच मोठं, साधारण पाचपट. म्हणजे नुकता संसार थाटणाऱ्या, अंगावर शिक्षणाचं कर्ज असलेल्या सत्तावीस वर्षांच्या माणसाने आपल्याहून दुप्पट वयाच्या आणि बहुधा आपल्याहून सुस्थितीतल्या माणसाचा भार उचलायचा. व्यक्तींसाठीच्या प्रत्येक नव्या विम्यात दहा प्रकारच्या सेवा असल्याच पाहिजेत, हेही कायद्यात होतं. त्यात बाळंतपण आलं, मानसोपचार आले, व्यसनमुक्ती आली. मुलं हाताशी आलेल्या जोडप्याला बाळंतपणाचं कलम नको असलं, तरी त्याचे पैसे चुकत नव्हते. आणि एवढा डोलारा वॉशिंग्टनमध्ये बसून चालवता येईल का, ही शंका तर होतीच. लाखो घरांच्या गरजा, मिळकती, दुखणी यांची माहिती एका टेबलावर कधी गोळा होत नाही, हा या विचारपरंपरेचा जुना सिद्धान्त आहे.

हे आक्षेप हृदयशून्य माणसांचे होते असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. त्यांचा रोख उपचारांवर नव्हता, हुकमावर होता.

इथे कॉन्झर्व्हेटिव्हांच्या घरातलीही एक गोष्ट सांगायला हवी. विम्याची सक्ती ही कल्पना १९८९ साली हेरिटेज फाउंडेशन या त्यांच्याच विचारसंस्थेने मांडली होती. १९९३ साली रिपब्लिकन सिनेटर जॉन चेफी यांच्या विधेयकात ती होती. २००६ साली मॅसॅच्युसेट्समध्ये ती प्रत्यक्षात आणली मिट रॉम्नी यांनी, आणि २०१२ साली ओबामांविरुद्ध रिपब्लिकन उमेदवार होते तेच रॉम्नी. त्यामुळे हा वाद लढवताना कॉन्झर्व्हेटिव्हांना दुप्पट सावध राहण्याची गरज होती. आपण मत का बदललं हे लोकांना पटवून द्यायचं, तर वेळ आणि शांतपणा लागतो. सप्टेंबर २०१३ मध्ये त्यांच्या गोटात दोन्ही उरले नव्हते.

बुधवार, २५ सप्टेंबर, दुपारी १२. उरले १३२ तास.

क्रुझ खाली बसले. २१ तास १९ मिनिटं ते बोलले. रात्री मुलींना झोपवण्याच्या वेळी डॉ. स्यूस यांचं 'ग्रीन एग्ज अँड हॅम' हे बालपुस्तक त्यांनी सभागृहातून वाचून दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी उचलून धरलं ते तेवढंच. त्या भाषणाने कोणतंही कामकाज अडलं नव्हतं. सिनेटच्या नियमांनुसार दुपारी ते थांबणारच होतं. थोड्या वेळाने विधेयक चर्चेला घेण्यावर मतदान झालं, तेव्हा १०० विरुद्ध ० असा निकाल लागला. बाजूने मत देणाऱ्यांत क्रुझही होते.

त्यांच्याच पक्षाचे जॉन मॅकेन उठले आणि त्यांनी २०१२ च्या निवडणुकीची आठवण करून दिली. या कायद्यावर आपण देशभर प्रचार केला, लोकांनी कौल दिला, आपण हरलो, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ होता. मॅकेन कायद्याचे विरोधक होते. २००९ साली २४ डिसेंबरच्या सकाळी सिनेटने तो ६० विरुद्ध ३९ असा मंजूर केला, तेव्हा एकाही रिपब्लिकनने त्याला मत दिलं नव्हतं. मार्च २०१० मध्ये प्रतिनिधिगृहात तो २१९ विरुद्ध २१२ ने पार पडला, तिथेही तसंच. एका पक्षाच्या मतांवर एवढा मोठा कायदा लादला गेला, ही तक्रार रास्त होती. पण त्यावरचा उपाय मतपेटीत होता.

खरं तर न्यायालयातही टीकाकार पुरते हरले नव्हते. २८ जून २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ असा निकाल देऊन सक्ती कायम ठेवली. मात्र सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी मान्य केलं की व्यापार नियमनाच्या अधिकारात सरकार कोणाला काही विकत घ्यायला लावू शकत नाही. हा दंड कर म्हणून तेवढा टिकतो, असं त्यांनी ठरवलं. म्हणजे मूळ तत्त्वावर टीकाकारांचं म्हणणं देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने उचलून धरलं होतं. तिथून पुढे शहाण्या राजकारणाला कितीतरी वाटा मोकळ्या होत्या.

त्यातली एक वाट त्यांनी त्याच उन्हाळ्यात चाचपली होती. २ जुलै २०१३ रोजी ओबामा प्रशासनाने मोठ्या कंपन्यांवरची सक्ती एका वर्षाने पुढे ढकलली. रिपब्लिकनांनी लगेच विचारलं: मालकाला सवलत, मग सामान्य माणसाला का नाही? १७ जुलैला प्रतिनिधिगृहात सामान्य माणसावरची सक्ती वर्षभर लांबवणारं विधेयक आलं आणि २५१ विरुद्ध १७४ ने मंजूर झालं. बाजूच्या मतांत २२ डेमोक्रॅट होते. वाचकहो, हा २२ चा आकडा ध्यानात ठेवा.

ऑगस्टमध्ये वारं फिरलं. हेरिटेजच्या राजकीय शाखेने गावोगाव सभा घेतल्या. नॉर्थ कॅरोलायनाचे नवखे खासदार मार्क मेडोज यांनी पत्र लिहिलं आणि ८० जणांनी त्याखाली सह्या केल्या. मागणी अशी, की कायद्याचे पैसे तोडल्याशिवाय सरकारच्या खर्चाला मंजुरी देऊ नका. नाक दाबलं की तोंड उघडतं, असा एकूण हिशोब. पण या हिशोबात नाक कोणाचं दाबलं जाणार, हेच तपासलेलं नव्हतं. ओक्लाहोमाचे सिनेटर टॉम कोबर्न यांनी मात्र ते तपासलं. ते स्वतः डॉक्टर, प्रसूतितज्ज्ञ, आणि या कायद्याचे कट्टर विरोधक. काँग्रेसच्या संशोधन विभागाकडून त्यांनी जुलैतच उत्तर मिळवलं होतं: सरकार बंद पडलं तरी आरोग्य कायदा थांबणार नाही, कारण त्याचा बराचसा पैसा वार्षिक मंजुरीवर अवलंबूनच नाही. उत्तर काँग्रेसच्या इमारतीत, कॅपिटॉलमध्येच होतं, छापील होतं. तिकडे कोणी लक्ष दिलं नाही.

शुक्रवार, २७ सप्टेंबर, दुपार. उरले सुमारे ८३ तास.

त्या शुक्रवारी दोन गोष्टी घडल्या. एकीचं थेट प्रक्षेपण झालं, दुसरी एका कागदावर राहिली.

सिनेटने ५४ विरुद्ध ४४ मतांनी खर्चाच्या विधेयकातून आरोग्य कायद्याचे पैसे तोडण्याचं कलम काढून टाकलं आणि विधेयक प्रतिनिधिगृहाकडे परत धाडलं. ही थेट प्रक्षेपित झालेली घटना.

दुसरी घडली मेडिकेअर व मेडिकेड या आरोग्य योजना चालवणाऱ्या सरकारी केंद्रात, म्हणजे सीएमएसमध्ये. विम्याची वेबसाइट उभारण्याची जबाबदारी याच केंद्राकडे होती. प्रमुख मॅरिलिन टॅव्हेनर यांच्यापुढे हाताखालच्या अधिकाऱ्यांचं टिपण आलं. यंत्रणा वेळेत तयार न झाल्याने सुरक्षेची तपासणी पूर्ण करता आली नाही आणि त्यामुळे मोठा धोका संभवतो, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. टॅव्हेनर यांनी त्यावर सही करून वेबसाइट सुरू करायला परवानगी दिली.

सुरू होण्याच्या काही दिवस आधी एक चाचणी झाली होती. हजारो लोक एकदम आले तर काय होईल, ते पाहायचं होतं. काही शेकड्यांतच यंत्रणा कोलमडली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची सलग चाचणी शेवटच्या दोन आठवड्यांत सुरू झाली, हे कंत्राटदारांनीच पुढे काँग्रेससमोर साक्षीत सांगितलं. मुख्य कंत्राट सीजीआय फेडरल या कंपनीकडे होतं, पण पन्नासहून अधिक कंत्राटदारांच्या कामाची मोट बांधायची जबाबदारी सीएमएसने स्वतःकडे ठेवली होती. त्यासाठी लागणारा माणूस तिथे नव्हता. केंद्राचे तंत्र अधिकारी हेन्री चाओ यांनी मार्चमध्येच विमा कंपन्यांच्या परिषदेत बोलून दाखवलं होतं, की आता सर्वोत्तमाचा नाद सोडा, तिसऱ्या जगातला अनुभव येऊ नये एवढं पाहा. एप्रिलमध्ये कायद्याच्या शिल्पकारांपैकी एक, डेमोक्रॅट सिनेटर मॅक्स बॉकस, आरोग्यमंत्री कॅथलीन सिबेलियस यांना भर बैठकीत म्हणाले की मला समोर रेल्वेगाडीचा मोठा अपघात दिसतोय. हा इशारा विरोधकाचा नव्हता, घरच्या माणसाचा होता.

या गोंधळात रिपब्लिकनांचाही वाटा होता. राज्यांनी आपापले विमा बाजार उभारावेत, अशी कायद्याची कल्पना होती. बहुतेक रिपब्लिकन गव्हर्नरांनी नकार दिला आणि ३६ राज्यांचा भार एकाच केंद्रीय वेबसाइटवर येऊन पडला. काँग्रेसने वाढीव पैसेही दिले नाहीत. पण काम वाढणार हे महिनोन् महिने दिसत असताना तारीख न हलवण्याचा निर्णय व्हाइट हाउसचाच होता.

त्या शुक्रवारी एखादा रिपब्लिकन खासदार उठून एवढंच म्हणाला असता, की यंत्रणा तयार नाही, लोकांना दंडाच्या भीतीने न चालणाऱ्या दारापुढे उभं करू नका, सहा महिने थांबा, तर चार दिवसांत तो द्रष्टा ठरला असता. खर्चाचं विधेयक बिनशर्त मंजूर करून बाजूला उभं राहायचं आणि १ तारखेला देशाला स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्यायचं, एवढंच करायचं होतं.

रविवार, २९ सप्टेंबर, मध्यरात्र नुकतीच उलटलेली. उरले ४८ तास.

प्रतिनिधिगृहाने शनिवारची रात्र जागवून मतदान केलं. आता मागणी होती संपूर्ण कायदा एक वर्ष लांबवण्याची. २३१ विरुद्ध १९२. सोबत वैद्यकीय उपकरणांवरचा कर रद्द करण्याची जोड. रविवारी सिनेट भरलंच नाही. कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर उभे राहून रिपब्लिकन खासदारांनी सिनेटवाल्यांना कामावर यायचं आवाहन केलं, कॅमेऱ्यांनी ते टिपलं, आणि दिवस मावळला.

सभापती जॉन बेनर यांना हा मार्ग मुळातच पसंत नव्हता. काही महिन्यांनी जे लेनो यांच्या टीव्ही कार्यक्रमात त्यांनी ते उघड सांगितलं: हे संकट येणार हे आधीच दिसत होतं. मग त्यांनी ते थांबवलं का नाही? कारण त्यांच्यामागचे लोक पुढे निघून गेले होते आणि पुढारी राहायचं तर त्यांच्या मागे धावणं भाग होतं. पदावरच्या माणसाला दिसणं आणि त्याने थांबवणं यांत इतकं अंतर पडावं, हे मला या सगळ्या प्रकरणात सर्वात क्लेशकारक वाटतं. टॅव्हेनर यांच्या टेबलावर तेच झालं आणि बेनर यांच्या दालनातही तेच.

सोमवार, ३० सप्टेंबर, दुपारी दोन वाजून गेलेले. उरले जेमतेम १० तास.

सिनेट भरलं आणि काही मिनिटांत ५४ विरुद्ध ४६ मतांनी प्रतिनिधिगृहाचा मसुदा फेटाळून मोकळं झालं.

संध्याकाळी ५ च्या सुमारास. उरले ७ तास.

ओबामा पत्रकारांपुढे आले. आरोग्य कायदा पुढे जाणारच, सरकार बंद करून तो बंद होणार नाही, असं त्यांनी सांगितलं. कोबर्न यांनी जुलैत मिळवलेलं उत्तर ते हेच. सैनिकांचे पगार चालू राहावेत यासाठीच्या विधेयकावर त्यांनी त्याच दिवशी सही केली. सरकार बंद होणार, हे आता दोन्ही बाजूंनी धरून चाललं होतं.

रात्री पावणेनऊच्या आसपास. उरले ३ तास.

प्रतिनिधिगृहाने मागणी आणखी खाली आणली. आता संपूर्ण कायदा नाही, फक्त सामान्य माणसावरची सक्ती एक वर्ष लांबवा, आणि खासदारांना व त्यांच्या कर्मचाऱ्यांना विम्यासाठी मिळणारा सरकारी वाटा बंद करा. २२८ विरुद्ध २०१.

जुलैमधलीच ही मागणी. तेव्हा २२ डेमोक्रॅट तिच्या बाजूने आले होते. आज आले ९. आणि १२ रिपब्लिकन विरोधात गेले. ज्या मागणीत दम होता, तीच शेवटच्या तीन तासांत, गळ्याला सुरी लावून पुढे केली गेली. मालकाला सूट आणि मजुराला दंड, हा प्रश्न जुलैत ऐकणाऱ्याला अस्वस्थ करत होता. सप्टेंबरच्या शेवटच्या रात्री तो प्रश्न उरलाच नव्हता. तिथे होती खंडणी, आणि खंडणी मागणाऱ्याचं म्हणणं रास्त आहे की नाही हे कोणी तपासत बसत नाही.

रात्री साडेनऊ. उरले अडीच तास.

सिनेट: ५४ विरुद्ध ४६. फेटाळलं.

मध्यरात्रीला काही मिनिटं बाकी.

अर्थसंकल्प कार्यालयाच्या संचालक सिल्व्हिया मॅथ्यूज बर्वेल यांचं परिपत्रक सगळ्या खात्यांना गेलं: पैसे संपत आहेत, सरकार बंद करण्याची कार्यवाही सुरू करा. सुमारे ८ लाख कर्मचारी बिनपगारी घरी बसणार होते. सतरा वर्षांत पहिल्यांदाच असं घडत होतं.

मंगळवार, १ ऑक्टोबर २०१३, मध्यरात्र.

सरकार बंद झालं. विमा बाजार उघडला.

बारा वाजून थोडाच वेळ गेला होता. साधारण दोन हजार लोकांनी वेबसाइटची पहिली पायरी चढायचा प्रयत्न केला आणि ती तिथेच अडकली. विम्यांच्या किमती पाहायच्या तरी आधी खातं उघडावं लागत होतं. खातं उघडायचं तर ओळख पटायला हवी, पुढे उत्पन्न करखात्याकडून आणि नागरिकत्व गृहसुरक्षा खात्याकडून पडताळून यायला हवं. नुसतं बघून जाऊ इच्छिणारा आणि खरोखर घेणारा, सगळे एकाच अरुंद दारात कोंबले गेले.

नोकरदारांना याची झळ नव्हती. एडिसनला किंवा सॅन होजेला नोकरी करणाऱ्या आपल्या नातेवाइकांना विमा बहुधा कंपनीकडूनच मिळतो. या दाराशी आले होते छोटे दुकानदार, शेतकरी, रोजंदारीवरचे लोक, स्वतःचा धंदा करणारे, आणि वर्षानुवर्षं आजारपणामुळे नाकारले गेलेले. ज्यांच्यासाठी म्हणून कायदा केला, तेच कोऱ्या पडद्यासमोर ताटकळत बसले.

मध्यरात्रीनंतर ७ तास.

सकाळी सातच्या आत दहा लाखांहून जास्त लोक वेबसाइटवर येऊन गेले, असं ओबामांनी दुपारी व्हाइट हाउसच्या बागेत सांगितलं आणि हा प्रतिसादच अडचणीचं कारण म्हणून पुढे केला. ॲपलच्या नव्या प्रणालीतही त्रुटी निघाल्याच की, असंही ते म्हणाले. एकाच वेळी ५० ते ६० हजार लोक येतील असं धरलं होतं, आले अडीच लाख, असं त्यांच्या तंत्र सल्लागारांनी पुढे सांगितलं. पण दोन हजारांना जी पेलली नाही, तिला अडीच लाखांची सबब कशी चालेल?

त्याच दिवशी दूरचित्रवाणीवर मात्र दुसरंच चित्र होतं. मिसिसिपीहून आलेले दुसऱ्या महायुद्धातले म्हातारे सैनिक आपल्याच स्मारकापुढच्या अडथळ्यांशी येऊन थांबले होते. मेरीलँडमधल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात दर आठवड्याला सुमारे २०० नवे रुग्ण प्रायोगिक उपचारांसाठी घेतले जात, त्यांत ३० च्या आसपास मुलं असत. त्यांचे प्रवेश थांबले. आरोग्य व्यवस्थेतल्या सरकारी हस्तक्षेपाला विरोध करणाऱ्यांमुळे कर्करोगग्रस्त मुलांचे उपचार अडले, ही बातमी घरोघर पोचली. ती खरीही होती.

मध्यरात्रीनंतर साधारण ३० तास.

२ ऑक्टोबरच्या सकाळी सीएमएसच्या नियंत्रण कक्षात बैठक झाली. ३६ राज्यांतून आतापर्यंत किती जणांनी विमा घेतला? टिपणात नोंद आहे: ६.

टीकाकारांची वॉशिंग्टनबद्दलची सगळी भीती, सगळी शंका त्या एका आकड्यात सिद्ध झाली होती. तो बाहेर यायला महिना लागला. मधल्या सोळा दिवसांत देश बंद सरकारबद्दल बोलत होता, आणि दोष कोणाचा याबद्दल बहुसंख्यांच्या मनात शंका नव्हती. गॅलपच्या पाहणीत रिपब्लिकन पक्षाबद्दल बरं मत असणारे २८ टक्क्यांवर आले. १९९२ पासून एवढा तळ कोणत्याच पक्षाने गाठला नव्हता. १६ ऑक्टोबरच्या रात्री तहाचं विधेयक मंजूर झालं. आरोग्य कायद्यात पदरात काय पडलं? अनुदान घेणाऱ्यांचं उत्पन्न नीट पडताळलं जावं, एवढी तरतूद. ती आधीच्या नियमांत बरीचशी होतीच.

त्यानंतर कुठे लोकांच्या टपालात आलेल्या विमा रद्द झाल्याच्या पत्रांकडे देशाचं लक्ष गेलं. तुमचा विमा तुम्हाला आवडत असेल तर तो तुमच्याकडेच राहील, हे वचन ओबामांनी कितीदा तरी दिलं होतं. २०१० च्या सरकारी नियमावलीतच लिहिलं होतं की स्वतः घेतलेल्या विम्यांपैकी ४० ते ६७ टक्के दरवर्षी बदलत असतात. म्हणजे जुने विमे फार काळ जुने म्हणून टिकणार नाहीत, हे सरकारला माहीत होतं. निदान ४० लाख लोकांना ती पत्रं गेली. ७ नोव्हेंबरला ओबामांनी एनबीसीच्या मुलाखतीत त्यांची माफी मागितली. ही पत्रं घेणारा माणूस कॉन्झर्व्हेटिव्ह टीकेच्या केंद्रस्थानी पहिल्यापासून असायला हवा होता. स्वतःच्या ऐपतीप्रमाणे काहीतरी निवडलेला, आणि तुझी निवड चुकीची आहे असं दुरून कोणीतरी ठरवलेला माणूस.

मध्यरात्रीनंतर ४५ दिवस.

१५ नोव्हेंबरला मिशिगनचे रिपब्लिकन खासदार फ्रेड अप्टन यांचं छोटं विधेयक प्रतिनिधिगृहात आलं. कंपन्यांना जुने विमे आणखी एक वर्ष विकू द्या, एवढंच त्यात होतं. कायदा रद्द करा नाही, पैसे तोडा नाही, सरकार बंद नाही. ओबामांनी नकाराधिकाराची धमकी दिली आणि आदल्याच दिवशी स्वतःची तात्पुरती सवलतही जाहीर केली, तरी विधेयक २६१ विरुद्ध १५७ मतांनी पार पडलं. यावेळी बाजूने आलेले डेमोक्रॅट होते ३९.

सिनेटने ते चर्चेला घेतलंच नाही. जुन्या विम्यांची मुदत ३१ डिसेंबरला संपत होती, आणि वेबसाइट १ डिसेंबरच्या सुमारास कुठे धड चालायला लागली होती.